सौदीत राहायचं तर : इकामा, कफील आणि घरच्यांनी इकडून सांभाळायचे कागद

श्रीवर्धन-म्हसळ्यापासून खेड-चिपळूणपर्यंत आपल्या वस्त्यांत असं घर शोधावं लागेल, ज्यातला एखादा भाऊ, मामू किंवा जावई आखातात नाही. मराठवाडा, खानदेशातूनही मुलं जातात. पण तिकडे पोचल्यावर रोजची कामं कशी करायची, हे कोणी नीट बसून सांगत नाही. एजंट व्हिसाचं बोलतो, घरचे पगाराचं बोलतात. इकामा संपला, पासपोर्ट नवा केला, गाडी ठोकली, बायकोला बोलवायचं आहे, अम्मी-अब्बूंना उमरा करवायचा आहे, अशी वेळ आली की खोलीतल्या साथीदाराला विचारायचं, आणि साथीदाराची माहिती बहुतेक वेळा दहा वर्षं जुनी असते. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली कित्येक मुलं आज सौदीत आहेत. सुट्टीवर आली की भेटतात आणि प्रश्न हेच असतात. म्हणून इथे फक्त सौदी अरबचीच बाब घेतली आहे. कुवेत, कतार, अमिरातीचे कायदे वेगळे आहेत, एकीकडचा नियम दुसरीकडे लावायला जाऊ नये.

सुरुवात भाषेपासून करू, कारण फसगत तिथूनच सुरू होते. आपल्या मुलांना वाटतं, उर्दू वाचता येते म्हणजे अरबीचं काम भागेल. लिपी एक असल्यामुळे पाटी वाचता येते हे खरं. पण तोच शब्द तिकडे दुसराच अर्थ घेऊन उभा असतो. आपल्याकडे मक्तब म्हणजे लहान मुलं कायदा-सिपारा वाचायला जातात ती जागा; तिकडे मक्तब म्हणजे कुठलंही ऑफिस. आपली इजाज़त म्हणजे परवानगी. तिकडे इजाज़ा म्हणजे सुट्टी. रुख़सत म्हणजे आपल्याकडे निरोप, आणि तिकडे पोलिसाने रुख़सा मागितला तर त्याला लायसन्स हवं असतं. सय्यारा आपण ग्रहाला म्हणतो, ते गाडीला म्हणतात. दवाम म्हणजे ड्युटीची वेळ. जवाज़ म्हणजे पासपोर्ट, आणि जवाज़ात म्हणजे पासपोर्टचं व परदेशी लोकांचं सरकारी खातं. एखाद्याला 'ग़रीब' म्हटलं तर तो पैशाने गरीब आहे असं नाही. परका किंवा विचित्र, असा त्याचा अर्थ होतो.

हे शब्द गमतीचे आहेत. पण तीन शब्द अजिबात गमतीचे नाहीत आणि ते प्रत्येक जाणाऱ्याने पाठ करून जावेत. इस्तिक़ाला म्हणजे राजीनामा. मुख़ालसा म्हणजे सगळा हिशेब मिळाला अशी पावती. तनाज़ुल म्हणजे हक्क सोडणं. कागदाच्या माथ्यावर यांतला कुठलाही शब्द दिसला तर सही करायच्या आधी थांबायचं. "बस रूटीन पेपर है" असं कंपनीचा माणूस म्हणाला तरी थांबायचं. मोबाइलवर फोटो काढून तर्जुमा करून घ्यायला आज दोन मिनिटंही लागत नाहीत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा तर मुळीच नाही.

आता इकामा. हे रहिवासाचं कार्ड. त्याचा नंबर दहा आकडी असतो आणि परदेशी माणसाचा नंबर २ ने सुरू होतो. सौदीत उतरल्यापासून ९० दिवसांत इकामा निघाला पाहिजे. त्याची फी, वर्क परमिटची फी, दरवर्षीचं नूतनीकरण, उशीर झाला तर त्याचा दंड, हे सगळं कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाने भरायचं असतं. करार संपल्यावर परतीचं तिकीटही त्याच्याकडे. पगारातून इकाम्याचे पैसे कापणारे मालक आहेत आणि मुलं ते गुमान देतात, कारण कोणी सांगितलेलंच नसतं.

इकामा संपला की नुसता दंड होत नाही. बँक खातं अडकतं, विमा अडकतो, घरी पैसे पाठवणं अडकतं. उशिराचा दंड पहिल्या वेळी ५०० रियाल, दुसऱ्यांदा १,०००, आणि तिसऱ्या वेळी थेट देशाबाहेर. तारीख बघताना आणखी एक लक्षात ठेवा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. कार्डावर किंवा कागदावर हिजरी तारीख असेल तर 'एक वर्ष' आपल्या हिशेबाच्या आधीच संपतं. रमज़ान दरवर्षी थोडा आधी येतो तसंच हे.

गेल्यागेल्या दोन खाती उघडायची. एक अबशिर, हे गृहमंत्रालयाचं. इकाम्याची मुदत, गाडीचे दंड, एक्झिट-रीएंट्री, सगळं त्यात दिसतं, आणि मोबाइलवरचा डिजिटल इकामा पोलीसही मानतात. दुसरं किवा, हे कामगार मंत्रालयाचं. तुमचा करार तिथे नोंदलेला असतो आणि तो तुम्ही मंजूर करायचा असतो. मुंबईत एजंटने दाखवलेल्या कागदावर इलेक्ट्रिशियन आणि १,८०० रियाल असेल, आणि किवावर 'आमिल' म्हणजे साधा मजूर आणि १,००० असेल, तर धरला जातो तो किवावरचा करार. मंजुरीचं बटण दाबायच्या आधी पेशा, पगार, कामाचे तास आणि मुदत, या चार गोष्टी वाचा. तास दिवसाला आठ, आठवड्याला ४८. रमज़ानमध्ये मुसलमान कामगाराला दिवसाला सहा आणि आठवड्याला ३६ पेक्षा जास्त काम लावता येत नाही. त्याच्या वर ओव्हरटाइम.

या खात्यांचा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी खोलीतल्या जिगरी दोस्तालाही द्यायचा नाही. तिकडे सिमकार्ड बोटाच्या ठशावर मिळतं. तुमच्या नावावर दुसऱ्याने सिम घेऊन फसवणूक केली की पोलीस तुमच्या दारी येतात, आणि "मैंने तो सिर्फ़ मदद की थी" हे अरबीत कसं सांगायचं ते त्या वेळी सुचत नाही.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं सौदीत कायद्याने चालत नाही. तरी ठेवतात. भांडण करायचं की नाही हे प्रत्येकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावं, पण निदान पहिल्या, शेवटच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स स्वतःजवळ आणि एक इकडे घरी असलीच पाहिजे. पासपोर्ट नवा केला की काम संपलं असंही समजू नका. नवा नंबर जवाज़ातच्या नोंदीत चढवावा लागतो, त्याला नक़्ल-ए-मालूमात म्हणतात. ते राहिलं की ऐन सुट्टीच्या वेळी एक्झिट-रीएंट्री निघत नाही, आणि इकडे शादीचे कार्ड वाटून झालेले असतात. एक्झिट-रीएंट्रीची फी एका फेरीसाठी दोन महिन्यांची २०० रियाल, पुढे प्रत्येक महिन्याला १००.

'आज़ाद व्हिसा' नावाची गोष्ट

असा कुठलाही व्हिसा सौदीच्या कायद्यात नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम वेगळं लिहितो आहोत. गावात त्याची किंमत लाखांत सांगितली जाते, दागिने गहाण पडतात, आणि प्रत्यक्षात एवढंच होतं की एका सौदी माणसाच्या नावावर इकामा निघतो आणि मुलगा दुसरीकडे काम करतो. कफील दरवर्षी त्याचे पैसे घेतो. कफीलाशिवाय दुसऱ्याकडे काम करणं हा गुन्हा आहे. छापा पडला तर मुलगा पकडला जातो आणि कफील हात वर करतो. तो चिडला, किंवा त्याला जास्त पैसे हवे झाले, तर तो 'हुरूब' लावतो, म्हणजे माणूस कामावरून पळाला अशी नोंद करतो. ती नोंद असेपर्यंत इकाम्याचं नूतनीकरण नाही, सुट्टी नाही, साधं घरी येणंही नाही. आपल्यावर हुरूब आहे हे पुष्कळांना महिनोन्‌महिने माहीत नसतं, म्हणून महिन्यातून एकदा अबशिर किंवा किवावर आपली स्थिती बघायची सवय लावा. नोंद झाली असेल तर दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी ठराविक मुदत मिळते. ती निघून गेली की रस्ता फार अरुंद होतो.

मार्च २०२१ पासून नियम सैल झाले आहेत, हेही सांगायला हवं. एक वर्ष पूर्ण केलेला कंपनीचा कामगार ठरलेल्या अटींवर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे बदली घेऊ शकतो आणि एक्झिट-रीएंट्री स्वतः काढू शकतो. पण घरचा ड्रायव्हर, घरकाम करणारी बाई, चौकीदार, माळी आणि मेंढपाळ यांना ही सवलत लागू केलेली नाही. म्हणून व्हिसावरचा पेशा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'साइक़ ख़ास' लिहिलेलं असेल तर तो कुटुंबाचा ड्रायव्हर आहे, कंपनीचा नाही.

एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर नोंदलेला आहे का, हे घरबसल्या बघता येतं. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेण्याची परवानगी नाही. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर असतं आणि सौदीत कामाला जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळजण याला कटकट समजतात. पण त्याच मंजुरीत करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आणि कर. मंजुरी चुकवायला व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट या दोन्ही गोष्टी काढून घेत असतो.

पगार, हिशेब, घरी पैसे

पगार बँकेतच घ्यावा, रोख नको. पुढे वाद झाला तर बँकेचा उतारा हाच पुरावा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा हिशेब सोपा आहे, तरी फार थोड्यांना येतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढे दर वर्षाला पूर्ण महिन्याचा. समजा शेवटचा पगार २,००० रियाल आणि नोकरी सात वर्षं. पाच वर्षांचे ५,०००, पुढच्या दोन वर्षांचे ४,०००, एकूण ९,००० रियाल. हे करार संपल्यावर किंवा मालकाने काढल्यावर. स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, म्हणजे वरच्या उदाहरणात ६,०००. दहा वर्षं झाली की पूर्ण. आता कळलं असेल, इस्तिक़ालावर गुपचूप सही का घेतात. घरकामाच्या व्हिसावाल्यांना हा हिशेब नाही. त्यांना एकाच मालकाकडे चार वर्षं झाल्यावर एक महिन्याचा पगार मिळतो. कामगाराला आपला दावा नोकरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. आधी मंत्रालयात समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर कामगार न्यायालय.

पैसे पाठवायला बँकेची ॲप आणि नोंदणीकृत एक्स्चेंज आहेत. हुंडीत दोन पैसे जास्त मिळतात म्हणून ती वापरू नका. दोन्ही देशांत ती गुन्हा आहे, आणि त्या पैशाची पावती नसते. उद्या त्याच पैशाने इकडे जमीन घेतली तर पैसा कुठून आला हे दाखवता येत नाही. इकडच्या बँकेतलं साधं बचत खातं नोकरीसाठी परदेशी गेल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडावं. एनआरईमधले पैसे परत तिकडे नेता येतात. व्याज घ्यायचं की नाही हा दीनचा सवाल आपापल्या आलिमांना विचारावा, खातं मात्र योग्य प्रकारचंच असावं.

बॅगेत काय जातं

यावर अम्मी-ख़ालांनी लक्ष द्यावं, कारण बॅग त्याच भरतात. ख़सख़स सौदीत आणि अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, ती अफूच्या झाडाची बी म्हणून अमली पदार्थांत मोडते. घरच्या मसाल्यात, मिठाईवर, वाटणाच्या पाकिटात ती असतेच. मुलासाठी मसाला करायचा तर ख़सख़स न घालता करा. खोकल्याची कोडीनवाली औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यांवर तिकडे कडक नियंत्रण आहे. गरजेचं औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि आधी घेतलेली परवानगी बरोबर लागते. आणि शेजारच्यांनी दिलेलं बंद पाकीट न्यायचं नाही, मग ते लोणचं असो वा कपडे. लोक नाराज होतात. होऊ द्या. सौदीत अमली पदार्थांच्या तस्करीची सज़ा मौतपर्यंत जाते.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एकच. सौदीचं वैध लायसन्स आणि गाडीचा चालू विमा, यांशिवाय चाक फिरवायचं नाही, मालकाने सांगितलं तरी. अपघातात कोणी दगावलं तर दियत द्यावी लागते आणि चुकून झालेल्या मृत्यूसाठी ती तीन लाख रियालपर्यंत आहे. विमा असेल तर विमा कंपनी भरते. लायसन्स नसेल तर कंपनी तो पैसा ड्रायव्हरकडूनच वसूल करू शकते. अशा रकमेपायी मुलं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली आहेत.

अम्मी-अब्बूंचा हज

व्हिजिट व्हिसावर आई-वडिलांना बोलावून उमरा करवणं ही मोठी सआदत आहे आणि हजचा हंगाम सोडला तर त्याला हरकतही नाही. पण त्याच व्हिसावर थांबवून हज करवायचा, हा विचार मनातून काढून टाका. व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. २०२५ च्या हजसाठी सौदी सरकारने परवान्याशिवाय हज करणाऱ्याला २०,००० रियालपर्यंत दंड ठेवला, आणि अशांना घरात ठेवणाऱ्या, गाडीने नेणाऱ्या किंवा त्यांच्यासाठी व्हिसा काढणाऱ्याला एक लाखापर्यंत. परवान्याशिवाय सापडलेल्या रहिवाशाला देशाबाहेर काढून दहा वर्षं प्रवेशबंदी होते, म्हणजे मुलाची नोकरीही गेली. दंडाचं सोडा. २०२४ च्या हजमध्ये कडक उन्हाने १,३०१ लोक वारले आणि सौदी सरकारच्या सांगण्याप्रमाणे त्यांतले ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले होते. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, सावली नाही. साठीतल्या माणसाला त्या उन्हात चालवणं याला ख़िदमत म्हणता येणार नाही.

इकडून करायचे कागद

बायको-मुलांना फॅमिली इकाम्यावर नेण्याआधी खर्च धरा. प्रत्येक अवलंबितासाठी महिन्याला ४०० रियाल सरकारी फी आहे. २०१७ मध्ये ती १०० होती, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल, तेही आगाऊ. साध्या मजुराच्या पेशावर फॅमिली इकामा सहसा मिळतच नाही.

क़ाज़ीसाहेबांचा उर्दू निकाहनामा एकटा तिकडे चालत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत विवाह नोंदवून दाखला घ्यावा लागतो. निकाहच्या आठवड्यातच हे उरकलं तर गवाह हाताशी असतात. पाच वर्षांनी त्यांना शोधत फिरावं लागतं. मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का बघा, जुन्या दाखल्यांत ती जागा कोरी असते. मग या कागदांवर आधी राज्य सरकारच्या खात्याचा आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. डिसेंबर २०२२ पासून सौदी अपोस्टिल करारात आलं आहे, त्यामुळे अपोस्टिल चालतं. अमिराती, कुवेत, कतारसाठी मात्र त्या-त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो.

सगळ्यात जास्त घोळ नावात. मोहम्मदची इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी. कुठे शेख आधी, कुठे शेवटी, कुठे आडनावच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसावर प्रवेश बंद केला, तेव्हा कित्येकांना याचा झटका बसला. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मुलगा नववीत आहे तोवर पालकांनी शाळेत येऊन स्पेलिंग तपासून घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही दरवर्षी निरोप पाठवतो. येणारे बोटांवर मोजण्याइतके.

तिकडे बाळ झालं तर त्याचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय एम्बसीत किंवा जेद्दाच्या कॉन्सुलेटमध्ये नोंदवा. डिसेंबर २००४ पासून नागरिकत्व त्यावर अवलंबून आहे, उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलं परत येताना शाळेच्या टी.सी.वर तिथल्या शिक्षण खात्याचा आणि एम्बसीचा शिक्का घेऊनच या. जमिनीच्या कामासाठी तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं तर ते एम्बसी किंवा कॉन्सुलेटसमोर करावं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इकडे मुद्रांक भरावा.

आणि अल्लाह न करे, पण माणूस तिकडेच वारला तर दफन तिकडे करायचं की मय्यत इकडे आणायची, हे घरच्या वारसांनी लेखी कळवावं लागतं. त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणि एम्बसीची एनओसी आल्याशिवाय मय्यत शवागारातून हलत नाही. पुष्कळ घरं तिथेच दफन पसंत करतात, मक्का-मदिनेजवळ असेल तर विशेष. कागद लवकर गेले तर दफन लवकर होतं. त्यासाठी पासपोर्टची व इकाम्याची झेरॉक्स, मालकाचा फोन नंबर, कराराची प्रत आणि विम्याची पॉलिसी घरात एका जागी असावी, आणि ती जागा बायकोला व आईला माहीत असावी. राहिलेला पगार आणि सेवेचा हिशेब वारसांना मागता येतो, त्यासाठी सरकारच्या मदद पोर्टलवर इकडूनच तक्रार नोंदवता येते. विम्याचे १० लाख मात्र दावा केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि पॉलिसी नंबर नसेल तर दावा कुठून सुरू करायचा, हेच घरच्यांना कळत नाही.